जालन्यात तारे नाहीत

दादा आमच्याकडे आले ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. आल्या दिवशीच संध्याकाळी ते कठडा धरत धरत गच्चीवर गेले, बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि खाली येऊन त्यांनी जाहीर केलं, की जालन्यात तारे नाहीत.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते जाफराबादला एकटे राहतात. एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून घराबाहेर पाऊल टाकताना आधी उजवीकडे बघतात, मग डावीकडे, आणि मगच निघतात. आई गेल्यावर मी त्यांना जालन्याला या म्हणाले होते. ते "येतो की" म्हणाले आणि आले नाहीत. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, चहात साखरेऐवजी मीठ पडायला लागलं, आणि तो चहा त्यांनी शेजाऱ्यांनाही पाजला, तेव्हा शेजाऱ्यांनीच मला फोन केला.

माझा नवरा एमआयडीसीतल्या एका पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. त्या संध्याकाळी तो जेवत होता. तारे नाहीत हे ऐकून त्यानं हातातला घास तसाच धरून थोडा विचार केला आणि म्हणाला, "असतील. भट्ट्यांच्या उजेडात दिसत नसतील."

"दिसत न्हाईत म्हंजे न्हाईत," दादा म्हणाले.

सासरे-जावयाचं त्या आठवड्यातलं हे सगळ्यात लांब बोलणं.

तसं दादांचं फार चुकत नव्हतं. आमची कॉलनी एमआयडीसीच्या अंगाला आहे. रात्री आमचं आभाळ काळं नसतंच. करपलेल्या दुधाच्या रंगाचं असतं. गच्चीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढताना झटकावे लागतात, नाहीतर काजळी कपाटात जाते. मी इथे इतकी वर्षं राहते, पण शेवटचा तारा कधी बघितला असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही. माझी नोकरी बियाण्याच्या कंपनीत, उगवण तपासायच्या खोलीत. ओल्या कागदात गुंडाळून ठेवलेलं बी उगवलं की नाही ते बघायचं. म्हणजे दिवसभर खाली मान घालायचं काम. घरी आल्यावर वर बघायचं काही कारण नव्हतं.

"आमच्या जाफराबादला या," दादा म्हणाले. "ढीगभर हायेत. वाटलं तर घेऊन या चार."

ऑपरेशन बुद्धपौर्णिमेनंतर करायचं, हे दादांनीच ठरवलं होतं. विहारात काळा चष्मा घालून बसणं त्यांना पटत नव्हतं. पौर्णिमा झाली, विहारात खीर झाली आणि दोन-तीन दिवसांनी त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डाव्याचं पुढे कधीतरी करू, असं डॉक्टर म्हणाले. दादांनी त्यांना तिथेच सांगून टाकलं, की आता गाडी चालवायची नाही, एक डोळा बस्स झाला. डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी थेंब लिहून दिले, धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही असं सांगितलं आणि काळा चष्मा दिला. रात्री चष्मा काढला तरी चालेल, असंही ते म्हणाले. चालेल म्हणजे काढलाच पाहिजे असं नाही, असा दादांनी त्याचा अर्थ लावला. ते चष्मा घालून जेवायचे, चष्मा घालून बातम्या ऐकायचे आणि चष्मा घालूनच पलंगावर उताणे पडून राहायचे. झोपलेत की जागे आहेत हे कळायला मार्ग नव्हता. माझा नवरा त्यांच्यासमोरून जाताना दर वेळी मान लववायचा, न जाणो जागे असले तर.

मग एका संध्याकाळी वादळ आलं.

पाऊस असा नव्हताच, नुसता वारा. कुणाच्या तरी शेडचे पत्रे उडून आमच्या गल्लीत आले आणि दोन दिवस तिथेच राहिले. सगळं शहर धुळीत गेलं. मी खिडक्या लावल्या, फटीत जुन्या साड्या कोंबल्या आणि दादांना मधल्या खोलीत नेऊन बसवलं. ते काळ्या चष्म्यावर दोन्ही हात ठेवून बसले आणि मध्येमध्ये विचारत राहिले, की वारा कुणीकडून येतोय. दिशा सांगितली की म्हणायचे, "बराबर."

त्यात लाईट गेली. लाईट जाण्याचं आम्हाला काही विशेष नसतं. पण थोड्या वेळानं नवऱ्याला मिलमधून फोन आला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि म्हणाला, "टॉवर आडवे झालेत."

शहराला वीज आणणारे ते मोठे टॉवर, शेतांतून उभे असतात ते, ओळीनं पडले होते. कणसाच्या भारानं ज्वारी लोळते तसे, असं फोनवरच्या माणसानं सांगितलं होतं. त्यानंतर कॉलनीतलं एकेक माणूस आमच्या दारात येऊन नवऱ्याला विचारू लागलं, की लाईट कधी येईल. तो इलेक्ट्रिकमध्ये आहे, एवढीच त्याची चूक होती. त्यानं सगळ्यांना एकच सांगितलं, की वेळ लागेल. माणसं नाराज होऊन जात. त्याच्या मनात असतं तर त्यानं कमी वेळ सांगितला असता, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

त्या रात्री आभाळात काही दिसायचा प्रश्नच नव्हता. हवेत धूळ होती आणि आम्ही वर्तमानपत्रांनी वारा घेत पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच इन्व्हर्टरनं मान टाकली. बोअरची मोटर बंद, म्हणून टँकरपुढे हंड्यांची रांग लागली. आमच्या कंपनीत जनरेटर होता, पण तो बियाण्याच्या थंड गोदामाला जोडलेला. उगवणीची कपाटं बंद पडली आणि आतली हवा भट्टीसारखी झाली. तपासायला लावलेलं सगळं बी फेकून द्या, लाईट आल्यावर पुन्हा लावा म्हणून साहेबांनी सांगितलं आणि आम्हाला घरी सोडलं. घरी आले तर नवरा बसलेला. सगळ्या मिल बंद होत्या. लग्न झाल्यापासून तो सुट्टी नसताना दिवसाउजेडी एवढा वेळ घरात पहिल्यांदाच होता, आणि कुठे बसावं हे त्याला कळत नव्हतं. शेवटी तो पंख्याखाली बसला. पंखा बंद होता, पण जागा सवयीची होती.

संध्याकाळी भिंतींना हात लावता येईना इतक्या त्या तापल्या. जेवणं उरकून आम्ही गच्चीवर जायचं ठरवलं. हवा आता निवळली होती. पाणी शिंपडायला नव्हतं, म्हणून मी नुसतं झाडून घेतलं आणि गोधड्या टाकल्या.

आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. खालच्या मजल्यावर वेल्डिंगचं दुकान असलेला एक माणूस, त्याची बायको आणि आई राहतात. घरात उर्दू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि भांडी घासणाऱ्या बाईशी दोन्ही. त्याच्या आईला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणते. खालाचे गुडघे गेलेत. गच्ची तिच्या मुलाच्या आणि आमच्या मालकीची मिळून आहे, पण खाला कित्येक वर्षांत वर आली नव्हती. गच्चीवर मिरच्या वाळल्या का, कबुतरं येतात का, हे ती खालूनच विचारायची. त्या संध्याकाळी खाली तिचा जीव घाबरा व्हायला लागला, तेव्हा तिच्या मुलानं आणि माझ्या नवऱ्यानं तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट उचललं. जिन्यातून तिचा आवाज येत होता.

"आहिस्ता लेव. सिमेंट की बोरी नै हूं मैं."

दोघांनी तिला टाकीजवळ ठेवलं. तिनं पदर सारखा केला, चारी बाजूंना बघितलं आणि कबुतरांनी गच्ची घाण केली आहे, असं सांगितलं. अंधारात तिला ते कसं दिसलं कोण जाणे.

मग मी दादांना आणायला गेले. ते माझा हात धरून एकेक पायरी चढले. गोधडीवर उताणे झाले. तेव्हा मी पहिल्यांदा वर बघितलं. मला आधी वाटलं, धूळ अजून पुरती बसली नाही.

ती धूळ नव्हती. कॉलनीत दिवा नव्हता, भट्ट्या बंद होत्या, चंद्र उगवायला खूप अवकाश होता आणि आमच्या टाकीपासून स्टेशनच्या बाजूपर्यंत सगळं आभाळ भरलेलं होतं. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं होती. थोड्या वेळापूर्वी डासांबद्दल आणि टँकरबद्दल बोलणं चाललं होतं, ते एकेका गच्चीवर बंद पडत गेलं. म्हणण्यासारखं काय होतं? ते आभाळ काही आजच आलं नव्हतं.

दादांनी मला न विचारता काळा चष्मा काढला.

"बाई, हे काय हाय?"

"तारे, दादा."

"समदे?"

समदे, म्हणून मी सांगितलं. दादांनी तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला. मग काढून डाव्यावर ठेवला. मग पुन्हा उजव्यावर. गाडीचा आरसा एकदा इकडे, एकदा तिकडे करून बघावा तसं ते पुष्कळ वेळ करत राहिले. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि पुन्हा ठेवला.

मग त्यांनी जे सांगितलं ते वर बघतच सांगितलं, कुणाला उद्देशून असं नाही. जाफराबादला काही वर्षांपासून तारे कमी होऊन राह्यलेत, असं त्यांना वाटत होतं. आधी बारके गेले. मग मधले गेले. शेवटी चंद्र आणि एखाद-दुसरा राहिला, तोही पुसट. त्यांनी त्याचा विचार केला होता. विहिरींचं पाणी खाली गेलं, चिमण्या गेल्या, रस्त्याच्या कडेची लिंबाची झाडं गेली, तसं हेही गेलं असेल. एवढं सगळं जातं तर तारे काय म्हणून राहतील? कुणाला विचारलं नाही. विचारून काय करायचं, ज्याचं त्याला दिसतच असेल. आणि सगळे जण गप्प आहेत त्याअर्थी सगळ्यांनी ते पचवलं असेल, तर आपणच कशाला बोभाटा करायचा, असं त्यांना वाटलं. आई होती तोपर्यंत ती अंगणात बसून काहीबाही दाखवायची. तेही ते हो हो म्हणत बघायचे. ती गेल्यावर दाखवणारं कुणी नव्हतं.

मी विचारलं, "मग परवा जाफराबादला ढीगभर आहेत म्हणालात ते?"

"आपल्या गावाची बदनामी कशाला करायची?" दादा म्हणाले.

पलीकडे माझा नवरा खोकला. तो हसणं असं दाबतो.

मला हसूही येईना आणि दुसरंही काही करता येईना. रोज संध्याकाळी मी त्यांना फोन करायची. काय जेवलात, गोळी घेतली का, दाराला कडी लावली का, एवढं सगळं विचारायची. आणि तिकडे हा माणूस मावळत चाललेलं आभाळ एकट्यानं बघत बसायचा, भाकरी खाल्ली म्हणून मला सांगायचा आणि फोन ठेवायचा. थेंबांची वेळ झाली होती. मी मोबाईलचा उजेड करून त्यांच्या डोळ्यात औषध घातलं. एरवी थेंब टाकताना ते लहान मुलासारखं तोंड फिरवतात. त्या दिवशी म्हणाले, "जल्दी टाक. मला तिकडं बघायचंय."

तिसऱ्या दिवशी लाईटवाले नवीन टॉवर उभे करत असल्याची बातमी आली. गल्लीतले पत्रे ज्याचे होते तो येऊन घेऊन गेला. दिवसभर लोक लाईटला शिव्या देत होते, आणि संध्याकाळ झाल्याबरोबर, अंधार पडायच्याही आधी, गोधड्या घेऊन वर जायला लागले. खालाला पुन्हा उचललं. या वेळी तिनं सोबत पानाचा डबा आणि एक उशी घेतली होती, म्हणजे मुक्कामाच्या तयारीनं आली होती. दादांनी आपली गोधडी टाकीच्या बाजूला सरकवून घेतली, कारण उत्तर तिकडून चांगली दिसायची.

उत्तरेला सप्तर्षी वर आले होते. दादांनी बोट दाखवून सांगितलं, की ती चार चांदण्यांची म्हातारीची बाज आणि मागे तीन चोर. म्हातारी झोपलीय आणि चोर बाज पळवून राह्यलेत. त्यांच्या आईनं त्यांना हे सांगितलं होतं, त्यांनी मला सांगितलं होतं. मी विसरले होते.

खालानं पान लावता लावता ऐकलं आणि ते चूक असल्याचं सांगितलं. तिच्या माहेरी, आष्टीला, त्याला जनाजा म्हणायचे. चार तारे म्हणजे खांद्यावर घेतलेला जनाजा, आणि मागून मेलेल्या माणसाच्या तीन पोरी चालल्यात.

दादांनी बाजेचीच बाजू लावून धरली. त्यांचं म्हणणं, मागचे तिघं वाकडे चालतात, रांगेत नाहीत, म्हणजे ते चोरच. खालाचं म्हणणं, रडत चाललेल्या बाया सरळ रेषेत चालत नाहीत. बाज असेल तर म्हातारी कुठे आहे, असं तिनं विचारलं. जनाजा असेल तर बाया मागे कशा, तुमच्यात तर बाया कब्रस्तानात जात नाहीत, असं दादांनी विचारलं. माझा नवरा उठून बसला. त्याला वाटलं, आता काहीतरी वाकडं होणार.

खालानं पान तोंडात घातलं.

"जमीन पे नै जाती," ती म्हणाली. "इसलिए तो आसमान में जा रइ."

दादांनी माझ्याकडे न बघता खालाला सांगितलं, की आमच्यात जातात. हिच्या आईच्या वेळी ही गेली होती माझ्यासोबत, शेवटपर्यंत. खाला म्हणाली, अच्छा किया. मग तिनं मला पान दिलं. मी पान खात नाही, पण ते खाल्लं.

त्यानंतर त्या दोघांचं असं ठरलं, की दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, पण चोर नाहीत. चोर असते तर एवढ्या वर्षांत बाज घेऊन पार झाले असते, असं दादांनी स्वतःहून कबूल केलं.

लोक हळूहळू झोपायला लागले, तेव्हा आग्नेयेला विंचू वर आला होता. मी शाळेत असताना त्याची आकृती वहीत काढली होती, आणि आता पहिल्यांदा तो मला वहीतल्यासारखा दिसला, नांगीसकट. त्याच्यामागून एक फिकट पट्टा वर सरकत होता. नवरा कोपरावर रेलून तिकडे बघत होता. त्याची मुद्रा मला चिंतेची वाटली. कुठल्या मिलनं भट्टी चालू केली, आपल्या आधी त्यांना लाईट मिळालीच कशी, असं तो पुटपुटला. मोबाईल काढून तो मिलमध्ये फोन लावणार होता. मग थांबला. पट्टा धुरासारखा हलत नव्हता. त्याच्यात बारीक कण होते.

"आकाशगंगा," तो म्हणाला. दुकानावरची पाटी वाचावी तसं.

मोबाईल त्यानं बाजूला ठेवला आणि आडवा झाला. पण त्याला झोप येईना. मी विचारलं तर म्हणाला, की मिलचा आवाज नाही. इतक्या वर्षांत त्याला हा आवाज ऐकू यायचा बंद झाला होता, आणि आता तो नाही हे मात्र सारखं ऐकू येत होतं. तो तसाच जागा पडून राहिला. मी डोळा लागेपर्यंत त्याच्यासोबत बघत होते. आमच्या लग्नात फोटो काढणाऱ्यानं आम्हाला एका पडद्यावरच्या चंद्राखाली बसवलं होतं, ते मला आठवलं. तो चंद्र पुष्कळच मोठा होता.

चौथ्या संध्याकाळी लाईट आली. आम्ही नुकतेच वर येऊन टेकलो होतो. आधी एमआयडीसीकडे उजेड झाला, मग एकेक गल्ली लागत आमच्यापर्यंत आली. सगळीकडून "आली, आली" असा ओरडा झाला आणि जिन्यांवर पळापळ झाली, कारण मोटर चालू करून टाक्या भरायच्या होत्या. मीही पळाले. टाकी भरली, मोबाईल लावले, फ्रिजमधलं नासलेलं फेकलं, आणि मग खालाचा मुलगा मला विचारायला आला, की अम्मी कुठे आहे.

अम्मी वरच होती. दादाही वरच होते. जिन्याच्या तोंडावरचा बल्ब त्यांच्या डोक्यावर जळत होता आणि दोघं आपापल्या जागी बसून होते, एसटी चुकलेल्या माणसांसारखे.

"हा बंद कर," दादा म्हणाले.

बल्ब बंद केला. पण गल्लीतल्या खांबावरचा दिवा थेट गच्चीवर पडत होता. दादांनी काळा चष्मा घातला, काढला आणि जावयाला विचारलं, "तुम्ही इलेक्ट्रिकचे ना? हा खांब बंद होतो का?"

माझ्या नवऱ्यानं खांबाकडे नीट बघितलं. तो प्रत्येक प्रश्नाचा खरा विचार करतो.

"होतो," तो म्हणाला. "पण करू नये."

दादांना ते पटलं. त्यांनी एसटीत असेच नियम पाळले होते. सप्तर्षी होते त्या जागी आता दोन-तीन ठिपके उरले होते. खाला म्हणाली, चलो, आणि दोघांनी तिला उचलून खाली नेलं.

त्यानंतर दादांना घेऊन मी तपासणीला गेले. डॉक्टरांनी त्यांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. दादांनी वाचली. कसं काय वाटतं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा दादा म्हणाले, "अक्षरं ठीक हायेत. तारे बराबर दिसले." डॉक्टर म्हणाले, ते आम्ही इथे तपासत नाही. दादा म्हणाले, तपासत जा. मग उठता उठता त्यांनी विचारलं, की डावा कधी करायचा. एक डोळा बस्स, असं आपण म्हणालो होतो, याचा त्यांनी उल्लेख केला नाही आणि डॉक्टरांनाही तो आठवला नाही.

धूळ खपेल इतपत डोळा बरा झाल्यावर दादा जाफराबादला गेले. एवढं आभाळ आपल्या अंगणात आहे, तर इथे कशाला राहायचं, असं त्यांनी सरळच सांगितलं. मी त्यांना बसमध्ये बसवून दिलं. रात्री पोचल्याचा फोन आला, पण आवाज पडलेला. मला वाटलं, डोळा दुखतोय. मी खोदून खोदून विचारलं.

त्यांच्या घरासमोरच्या चौकात हायमास्ट होता. उंच खांब आणि वर गोलाकार पांढरे दिवे, निवडणुकीच्या आधी गावोगाव उभे राहतात तसा. आई गेल्यानंतर तो तिथे आला होता. दादांना तो आवडायचा, कारण त्याच्या उजेडात कुलूप सापडायचं. आता नव्या डोळ्यानं त्यांनी वर बघितलं तर हायमास्टच दिसत होता. अंगण दिवसासारखं लख्ख आणि आभाळात काही नाही.

"एवढा उजेड कशाला पाहिजे बाई?" ते म्हणाले. "हितं काय ऑपरेशन करायचंय?"

काही दिवस त्यांनी तक्रार केली. ज्यांच्याकडे केली त्यांनी ती समजून घेतली, असं दिसत नाही. दिवा लागत नाही अशी तक्रार कशी घ्यायची हे त्यांना माहीत होतं. दिवा लागतो, या तक्रारीचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी दादांनी आपल्या जुन्या कंडक्टरला गाठलं. हा माणूस त्यांच्या गाडीवर कित्येक वर्षं होता आणि आता गावातच राहतो. त्याच्याकडे स्कूटर होती आणि गावाबाहेर थोडी जमीन. आठवड्यातून एक-दोनदा जेवण झालं की तो दादांना मागे बसवून शेताकडे घेऊन जाऊ लागला. तिथे ते करतात काय, असं मी विचारलं. दादा म्हणाले, काही नाही, बघतो. कंडक्टर काय करतो? तो झोपतो.

दिवाळीनंतर डावा डोळाही झाला. त्याच्या पुढच्या महिन्यात आम्ही दोघं एका सुट्टीला जाफराबादला गेलो. जेवणं झाल्यावर दादांनी नवऱ्याला म्हटलं, "चलता का?" मला विचारलं नाही, पण मी शाल घेतली. कंडक्टर पुढे स्कूटरवर, दादा त्याच्या मागे, आणि आम्ही आमच्या बाईकवर. डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलो तसे दोघांनी गाड्यांचे दिवे विझवले आणि सावकाश चालवू लागले. सोयाबीन निघून गेलं होतं, वेचणी संपलेल्या कपाशीची काळी झाडं तेवढी उभी होती. कंडक्टरनं बांधाशी एक ताडपत्री ठेवलेली होती, ती अंथरली. आम्ही चौघं तिच्यावर आडवे झालो. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, कारण मान अवघडू नये म्हणून जो तो आपल्या सोयीनं पडला होता.

दादा आता डोळ्यांवर हात ठेवून बघत नव्हते. दोन्ही डोळे सारखेच होते. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका होता आणि त्यात किती आहेत यावरून त्यांचा आणि माझ्या नवऱ्याचा थोडा वाद झाला. नवऱ्याला कमी दिसत होते. दादांनी त्याला डोळे तपासून घ्यायचा सल्ला दिला. कंडक्टर झोपला होता. लांब रस्त्यावरून एखादी गाडी गेली की तिचा उजेड कपाशीवरून सरकत जायचा आणि पुन्हा अंधार व्हायचा. तेवढ्यापुरते आम्ही सगळे डोळे मिटून घ्यायचो.

बऱ्याच वेळानं गारठा वाढला. माझे पाय बधिर झाले होते, पण उठू या असं म्हणणारी पहिली मी होऊ नये, असं मला वाटत होतं.

"चला आता," दादा म्हणाले. "थंडी वाजून राह्यली."

आम्ही कंडक्टरला उठवलं, ताडपत्रीची घडी घातली आणि घरी आलो.